सातासमुद्रापारची सम

गायक पुण्यात, तबलजी न्यू जर्सीत आणि दोघे समेवर एकदम! इंटरनेट आणखी वेगवान झालं की हे जमणारच, असं अधूनमधून ऐकू येतं. ते जमणार नाही. यात कंपन्यांचा दोष नाही, प्रकाशालाच घाई नाही. काचतंतूतून तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि हे अंतर बारा हजार किलोमीटरांहून जास्त. म्हणजे सूर तिकडे पोचायला किमान ६० मिलिसेकंद, ठेका परत यायला पुन्हा तेवढेच. हा उशीर पंचवीस-तीस मिलिसेकंदांपुढे गेला की लय रेंगाळू लागते. ऑनलाइन तालमीत गुरुजी आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत, ते यामुळेच.

मग जोडलेल्या संगणकांवर संगीत होतच नाही का? होतं, आणि बऱ्याच वर्षांपासून होतं. १९७८च्या सुमारास कॅलिफोर्नियात जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ, रिच गोल्ड प्रभृतींनी ‘लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स’ हा संच जमवला. जेमतेम एक किलोबाइट स्मृतीचे ‘किम-१’ संगणक त्यांनी तारांनी जोडले. एकाने काढलेल्या सुरांचे आकडे दुसऱ्याकडे जात आणि तो त्यावरून आपली चाल बदले. पुढे त्यातल्याच काहींनी ‘द हब’ हा संच उभा केला. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे तिघे एका ठिकाणी आणि तिघे दुसऱ्या ठिकाणी बसले. मध्ये टेलिफोनची तार. त्या तारेतून आवाज गेलाच नाही, गेली फक्त माहिती. दोन्हीकडच्या श्रोत्यांनी वेगवेगळं, पण एकमेकांच्या नात्यातलं संगीत ऐकलं. उशीर झाला तरी बिघडत नव्हतं, कारण सम गाठायची अटच रचनेत नव्हती.

उलट २००५ साली प्रिन्स्टन विद्यापीठात लॅपटॉपचा वाद्यवृंद निघाला, तेव्हा वादक एकाच दालनात बसले. प्रत्येकाच्या शेजारी अर्धगोल स्पीकर, कारण जो वाजवतो त्याच्या जागेवरूनच आवाज यायला हवा होता. संगणक हाताळणाऱ्यांनाही बैठकीची किंमत कळली होती.

तेव्हा जाळ्यासाठी जाळ्याचं संगीत रचावं. बैठकीचं संगीत त्यात कोंबू नये. आणि ख्यालच गायचा असेल, तर तबलजींना विमानाचं तिकीट पाठवावं.