आंबट म्हणजे ‘सी’ नव्हे

अंबिया बहाराची संत्री उतरली की अमरावती-परतवाडा रस्त्यावरच्या वलगावात गाडीला आपोआप ब्रेक लागतो. रस काढून देणारा हमखास पटवतो, “आंबट हाय ना भाऊ, मंग सी लई अशीन!” आपणही मान डोलावतो. पण जिभेला जो आंबटपणा कळतो तो सायट्रिक आम्लाचा. ‘क’ जीवनसत्त्वाचा हिशेब वेगळा. शंभर ग्रॅम संत्र्यात ते साधारण 50 मिलिग्रॅम. लिंबू त्याहून कितीतरी आंबट, तरी या बाबतीत संत्र्याच्या पुढे जात नाही. गोड पेरू मात्र दोघांनाही सहज मागे टाकतो. आणि हिरवी मिरची? वजनाला वजन धरलं तर तीही संत्र्याला भारी! हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात हाती लागलं तेच मुळी मिरचीच्या जातीतल्या पॅप्रिकातून. त्यावर संशोधन करणारे हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी 1937 साली नोबेलचे मानकरी ठरले. ठेचा खाणाऱ्या वऱ्हाडाने एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही.

मग मोजायचं कसं? कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं तेवढ्या सामानात भागतं. दहा मिलिलिटर गाळलेला रस, थोडं पाणी, स्टार्चचे चार थेंब आणि ब्युरेटमध्ये आयोडीन. थेंब पडतो, क्षणभर काळसर निळा ढग उमटतो, फ्लास्क हलवला की नाहीसा होतो. जीवनसत्त्व आहे तोवर ते आयोडीन फस्त करतं. ते संपलं की निळा रंग टिकून राहतो, तिथेच तोटी बंद. 0.01 नॉर्मल आयोडीनचा एक मिलिलिटर म्हणजे 0.88 मिलिग्रॅम जीवनसत्त्व. समजा पाच मिलिलिटर लागले, तर शंभर मिलिलिटर रसात 44 मिलिग्रॅम. सायट्रिक आम्ल आयोडीनच्या वाटेला जात नाही, म्हणून आंबटपणा इथे फसवू शकत नाही.

फसवतं ते दुसरंच. स्क्वॅश टिकावा म्हणून त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. त्यातून सुटणारा सल्फाइटही आयोडीन तितक्याच आवडीने खातो. त्यामुळे बिचाऱ्या जुन्या बाटलीचा आकडा ताज्या रसाच्या वर जाऊ शकतो, आणि पोरं वहीत लिहून मोकळी होतात की बाटलीच पौष्टिक! ब्युरेट खोटं बोलत नाही, पण आयोडीन कुणी खाल्लं हे काही ते सांगत नाही.

म्हणून बाटली घेताना ती फिरवून मागचं बारीक अक्षर वाचावं. 224 म्हणजे हा सल्फाइट. 300 म्हणजे खुद्द ‘क’ जीवनसत्त्व, पण वरून घातलेलं. बरेचदा रसाचा रंग काळवंडू नये एवढ्यासाठीच. ताज्या रसाला असला पहारा नसतो. हवा आणि उष्णता त्यातलं जीवनसत्त्व खात राहतात, तांब्याच्या भांड्यात तर आणखी झपाट्याने. तेव्हा गाडीवरचा ग्लास घरी न्यायला बांधून घेऊ नका. तिथेच उभं राहून संपवा.