ग्राहक जे शब्द शोधतो, ते तुमच्या वेबसाइटवर आहेत का?

फराळ, मसाले, लोणची, शिवणकाम, शिकवणी... घरातून चालणाऱ्या अशा कितीतरी व्यवसायांच्या आता वेबसाइट्स आहेत. वेबसाइट तयार झाली की नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज येतात. पण नंतर महिने जातात आणि ऑर्डर काही येत नाही. अशा वेळी कोणी फोन करून सांगते, ‘पैसे भरा, तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणतो.’ कष्टाचे पैसे देण्याआधी थोडे थांबा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगते. सुरुवातीचे काम तर तुम्ही घरबसल्या, एक रुपयाही खर्च न करता करू शकता. ते काम म्हणजे योग्य कीवर्ड निवडणे.

कीवर्ड म्हणजे नेमके काय?

माणूस गूगलवर शोधताना जे शब्द टाइप करतो किंवा बोलतो, ते कीवर्ड. गूगलचा प्रोग्राम वेबसाइट्सची पाने वाचतो आणि कोणत्या पानावर काय आहे याची नोंद ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशीच. कोणी काही शोधले की त्या नोंदीतून उपयोगी वाटणारी पाने समोर येतात. वर येण्यासाठी इतरही अनेक गोष्टी लागतात, पण ग्राहकाचे शब्दच पानावर नसतील तर गाडी तिथेच अडते.

तुमचे शब्द नकोत, त्यांचे शब्द हवेत

समजा, तुम्ही बडोद्यात राहता आणि दिवाळीचा फराळ विकता. पानाला तुम्ही हौसेने शीर्षक दिले, ‘चव आईच्या हातची’. शीर्षक गोड आहे, पण चकली हवी असलेला माणूस हे शब्द टाइप करेल का? तो लिहील, ‘बडोद्यात घरगुती फराळ’ किंवा ‘चकली एक किलो किंमत’.

शिवाय तुमचे सगळे ग्राहक मराठी नाहीत. शेजारच्या गुजराती काकू करंजी नाही, घुघरा शोधतील. इंदूरच्या ग्राहकाला गुजिया हा शब्द जवळचा वाटेल. म्हणून पानावर सरळ लिहा, ‘करंजी, म्हणजे सुक्या खोबऱ्याच्या सारणाचा आमचा मराठी घुघरा.’ वाचणाऱ्यालाही समजेल आणि गूगललाही. अनेक जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून पदार्थाचे नाव एकदा तसेही लिहा.

छोटा शब्द की पूर्ण वाक्य?

फक्त ‘लाडू’ या शब्दासाठी तुमची स्पर्धा मोठमोठ्या कंपन्यांशी आणि रेसिपीच्या वेबसाइट्सशी आहे. ‘बडोद्यात डिंकाचे लाडू ऑर्डर’ असे शोधणारे थोडे असतील, पण ते विकत घ्यायलाच आलेले असतात. ‘चकली कशी करायची’ असे शोधणाऱ्याला मात्र रेसिपी हवी आहे, पाकीट नको. म्हणून कीवर्ड निवडताना त्यामागची गरज ओळखा.

असे शब्द शोधायचे कुठे?

* गूगलवर आपल्या पदार्थाचे नाव टाइप करायला सुरुवात करा. खाली आपोआप येणाऱ्या सूचना नीट वाचा.
* गूगल ट्रेंड्सवर कोणता शब्द कोणत्या राज्यात आणि कोणत्या महिन्यात जास्त शोधला जातो ते फुकट पाहता येते.
* ग्राहकांचे जुने मेसेज उघडा. ते ज्या शब्दांत विचारतात, तेच तुमचे कीवर्ड.

कुठे वापराल?

पानाचे शीर्षक, मुख्य मथळा आणि पहिला परिच्छेद, या तीन जागा सर्वांत महत्त्वाच्या. फोटोलाही वर्णन द्या, कारण नुसत्या आकड्यांचे नाव असलेल्या फोटोवरून गूगलला फारसे काही कळत नाही. प्रत्येक मुख्य पदार्थासाठी वेगळे पान ठेवा. नवीन पानाची नोंद व्हायला काही दिवस किंवा काही आठवडेही लागू शकतात. त्यामुळे फराळाचे पान वसुबारसेला नाही, गणपतीतच तयार ठेवा.

कीवर्डचा भडिमार मात्र टाळा. प्रत्येक ओळीत ‘बडोदा फराळ, स्वस्त फराळ, उत्तम फराळ’ लिहिणे किंवा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. त्यामुळे पान खाली जाऊ शकते, शोधातून गायबही होऊ शकते. पानाच्या कोडमध्ये लपवलेली कीवर्डची यादीही उपयोगाची नाही. क्रमवारीसाठी ती पाहत नसल्याचे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले होते. लिहून झाले की पान मोठ्याने वाचा. जे वाक्य बोलताना विचित्र वाटते, ते बदला.

परिणाम तपासत राहा

गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन वेबसाइटला जोडा. लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले, पान किती वेळा दिसले आणि किती जणांनी क्लिक केले, हे त्यात कळते. पान खूप वेळा दिसते पण क्लिक होत नाही? मग आधी शीर्षक बदलून पाहा. निकालासाठी थोडा धीर धरा, रोज नवा बदल करू नका.

शब्द खरा असू द्या

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगते. ‘शुगर फ्री लाडू’ हा शब्द खूप शोधला जातो, म्हणून गुळाच्या लाडवांना तो चिकटवू नका. गुळानेही रक्तातील साखर वाढते. मधुमेह असलेल्या वडिलांसाठी कोणी मुलगी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून ते लाडू मागवेल. ‘गुळाचे लाडू, साखर न घालता’ असे लिहिले आणि खाली ‘मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून घ्यावे’ अशी ओळ जोडली, तर क्लिक कदाचित कमी येतील. पण जे येतील, ते पुढच्या दिवाळीलाही तुमच्याकडेच येतील.

मग आजच तुमच्या पाच ग्राहकांना मेसेज करा आणि एकच प्रश्न विचारा, ‘आमचा पदार्थ गूगलवर शोधायचा असेल तर तुम्ही काय टाइप कराल?’ जी उत्तरे येतील, तीच तुमच्या कीवर्डची पहिली यादी.