इंडक्शन मध्येच बंद पडतं तेव्हा

तुमच्या घरातलं इंडक्शन सुरू होतं, पाच-सहा मिनिटं छान चालतं आणि मग 'टीं टीं' करून बंद पडतं का? थोड्या वेळाने परत लावलं की परत पाच मिनिटं? तर बोर्ड गेला असं कोणी सांगितलं तरी लगेच मान्य करू नका. आधी हे वाचा.

नेपियर टाउनमध्ये आमच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. वय ७८. गेल्या वर्षी दोनदा गॅस चालू राहिला, तेव्हा मुलाने सिलेंडर बंद करायला लावला आणि इंडक्शन आणून दिलं. भांडं उचललं की ते आपोआप थांबतं, टायमर लावता येतो, म्हणून सगळे निर्धास्त. परवा तेच बंद पडलं. घरी आलेल्या मिस्त्रीने दोन मिनिटांत निकाल दिला, "बोर्ड गया अम्मा, नया ले लो." संध्याकाळी मुलाचा पुण्याहून फोन आला, की आता पुरे झालं, सामान बांध आणि इकडे ये. आजी मला म्हणाल्या, "शेगडीपायी माझं घर सुटायला निघालंय बघ."

म्हणून मी ते इंडक्शन उलटं करून बघितलं. प्लग काढून, गार झाल्यावर.

खालच्या जाळीवर तेलकट धुळीचा थर होता, बोटाने खरवडून निघेल इतका. आतला छोटा पंखा फिरत नव्हता. इंडक्शनमध्ये काच स्वतःहून तापत नाही, तापतं ते भांडं. खालच्या तांब्याच्या कॉइलमधून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि लोखंडी तळाच्या भांड्यातच उष्णता तयार होते. पण हा प्रवाह चालू-बंद करणारा जो भाग असतो, आयजीबीटी, तो स्वतः भयंकर तापतो. त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी आणि समोर पंखा एवढ्यासाठीच असतो. पंखा थांबला की सेन्सरला उष्णता कळते आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. आजींचं इंडक्शन बिघडलं नव्हतं, गुदमरलं होतं. (याच कारणासाठी स्वयंपाक झाल्यावर लगेच प्लग ओढू नका. पंखा थोडा वेळ चालतो, चालू द्या.)

पंख्याच्या आधी मात्र बाहेरून बघण्यासारखं बरंच असतं, आणि त्याला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. मशीन अजिबात सुरू होत नसेल तर तोच सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासा. २००० वॉटचं इंडक्शन २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर खेचतं, म्हणजे त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा. जुन्या घरांमध्ये ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर कन्व्हर्टर लावून काम भागवतात. तो प्लग हाताला गरम लागत असेल, सॉकेटची कड काळी किंवा पिवळी पडली असेल, तर बिघाड भिंतीत आहे, मशीनमध्ये नाही.

मशीन सुरू होतं पण 'भांडं ठेवा' अशी खूण दाखवतं? फ्रिजवरचं चुंबक भांड्याच्या तळाला लावा. चिकटलं नाही तर ते भांडं चालणार नाही. ॲल्युमिनियम नाही, तांबं-पितळ नाही, आणि सगळं स्टीलही नाही. कडईचा तळ गोल असेल किंवा भांडं फार छोटं असेल तरी तेच. चहाच्या एका कपाचं पातेलं हा नेहमीचा गुन्हेगार.

फक्त संध्याकाळीच बंद पडत असेल तर व्होल्टेज बघायला सांगा. स्क्रीनवरचे ई१, ई३ असले कोड मात्र इंटरनेटवरच्या कुठल्याही यादीवरून लावू नका. एका कंपनीचा 'भांडं नाही' हा दुसरीचा 'सेन्सर गेला' असतो. आपल्याच मॉडेलचं पुस्तक बघा. काचेला तडा गेला असेल तर तपासणी वगैरे काही नाही, त्या क्षणापासून वापर बंद. उतू गेलेलं दूध सरळ विजेवर पडतं.

आता आतलं. इथे मी हात जोडून सांगते, मशीन उघडायचं काम जाणकारावर सोडा. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठलेली असते आणि ती जोरदार झटका देते. पण मिस्त्री काय म्हणतोय ते तुम्हाला समजलं पाहिजे. तो म्हणाला "फ्यूज उडालाय, बदलतो", तर विचारा, आयजीबीटी तपासला का? फ्यूज सहसा स्वतःहून उडत नाही. मागे आयजीबीटी किंवा ब्रिज शॉर्ट असतो, आणि नुसता नवा फ्यूज टाकला तर तोही त्याच क्षणी जातो. चांगला कारागीर दुरुस्तीनंतर मशीन थेट लावत नाही, आधी सिरीजमध्ये शंभर-दोनशे वॉटचा बल्ब जोडून बघतो. बल्ब भक्क पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. दुकानात असा बल्बचा बोर्ड टांगलेला दिसला की मला तरी त्या माणसावर विश्वास बसतो. गरम होतच नाही किंवा लगेच जास्त गरम दाखवतं, तेव्हा कॉइलच्या मधोमध असलेला मण्याएवढा सेन्सर बघायला सांगा. बऱ्याच मॉडेलमध्ये तो खोलीच्या तापमानाला सुमारे १०० किलोओहम दाखवतो. भाग अगदी स्वस्त, पण त्याच्या नावावर अख्खे बोर्ड बदलले जातात.

सुटे भाग शोधणं हा वेगळाच उद्योग आहे. निघण्याआधी मशीनच्या पोटावरच्या स्टिकरचा फोटो काढा. मॉडेल नंबरमधली शेवटची अक्षरंही महत्त्वाची, एकाच नावाच्या दोन मशीनमध्ये बोर्ड वेगळे असू शकतात. जुना भाग खिशात घेऊनच जा, वर्णनावर भरवसा ठेवू नका. मी आजींचा पंखा घेऊन मढ़ातालच्या बाजारात गेले. पहिल्या दुकानात हुबेहूब तसाच पंखा मिळाला: तोच आकार, त्याच दोन वायर. घेणारच होते, तेवढ्यात जुन्यावर बारीक अक्षरात १८ व्होल्ट दिसलं. हातातला नवा १२ चा होता. "चल जाएगा मैडम," दुकानदार म्हणाला. चाललाही असता, काही दिवस. १२ चा पंखा १८ वर जोरात पळतो आणि लवकर जळतो, मग परत तेच दुखणं. तिसऱ्या दुकानात १८ चा मिळाला, दीडशे रुपयांच्या आत. (मग बडे फुहाऱ्याला जाऊन खव्याची जिलबी खाल्ली. त्याचा हिशेब आजींना दिलेला नाही.)

ओटीजीचा रॉड घेतानाही हेच. लांबी जुळली म्हणून खुश होऊ नका, त्यावर कोरलेले वॉट आणि व्होल्ट दोन्ही बघा. काही ओटीजीत दोन रॉड एकापाठोपाठ एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाला निम्मंच व्होल्टेज मिळतं. तिथे २३० चा एकच रॉड टाकला तर नानकटाई पांढरीच राहते. मल्टिमीटर असेल तर हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २३० व्होल्टचा ६०० वॉटचा रॉड साधारण ८८ ओहम दाखवायला हवा. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. जुन्या कॉइलच्या हीटरचा मात्र हेवा वाटतो. मातीची प्लेट, नायक्रोमची स्प्रिंग, दोन कनेक्टर, बस. पण त्याची कॉइल उघडी असते, म्हणून आजींसारख्यांच्या हाती तो अजिबात देऊ नका.

कंपनी भागच देत नसेल तर केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल आहे, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेलं. त्यात सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, सर्व्हिस सेंटर एकत्र मिळतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरच्या मिस्त्रीला स्क्रूही काढू देऊ नका.

आजींचा पंखा ओळखीच्या एका मेकॅनिकने बसवला, आतला थर ब्रशने काढला. इंडक्शन चालू झालं. चाचणी म्हणून त्यांनी वरण-भात लावला आणि अर्धा तास फोन हातात घेऊन बसल्या, बंद पडलं तर मला बोलवायला. नाही पडलं.

पण जाता जाता त्यांनी सांगितलं, "त्या ओटीजीला हात लावला की झिणझिण्या येतात गं, थंडीमुळे असेल." थंडीमुळे काही नसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट उघडलं तर तिसऱ्या, वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती. अर्थिंग नाही. तीन पिनचा प्लग होता, तीन भोकं होती, आणि मागे काहीच नव्हतं. इतकी वर्षं त्या त्याच ओट्याशी ओल्या हातांनी काम करत होत्या.

ओटीजीचा प्लग मी काढून माझ्याकडे आणून ठेवलाय. इंडक्शनही त्याच सॉकेटवर होतं, तेही दोन दिवस बंद. गुरुवारी अर्थिंगची तार ओढायचं काम आहे, तोवर आजींचा डबा आमच्याकडून जातो. पुण्याला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलंय की शेगडी दुरुस्त झाली.