गाभ्याला जोडलेले सुटे भाग

नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस अशा कंपन्या आहेत. तिथे नोकरी करायची इच्छा असलेले विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. पण संगणकाच्या पोटात डोकावलेला त्यांत क्वचितच एखादा.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा ‘कर्नल’, म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा, लिहायला घेतला. वायफाय कार्डासारखे उपकरण चालवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, या गाभ्याला मागाहूनही जोडता येते. अशा सुट्या भागाला मॉड्यूल म्हणतात.

गाभा नवा झाला की जुने मॉड्यूल तो बहुधा नाकारतो. आतील माहितीची मांडणी बदललेली असते. जुन्या आट्यांचा नट नव्या बोल्टवर कसा बसावा? मग नव्या गाभ्याच्या ‘हेडर’ फायली घेऊन मॉड्यूल पुन्हा कंपाइल करावे लागते. त्यासाठी त्याचा सी भाषेतील मूळ मजकूर हाती हवा. तो उत्पादकाने दडवला असेल, तर धडधाकट कार्डही भंगारात जाते. (आमच्या प्रयोगशाळेत असे एक पडून आहे, म्हणून हा राग!) शाळेने उपकरण घेताना किमतीबरोबर हाही प्रश्न दुकानदाराला विचारावा, असे मला वाटते.

तुम्ही स्वतः दहा-पंधरा ओळींचे, नुसते ‘नमस्कार’ म्हणणारे मॉड्यूल लिहून पाहा. संगणक मात्र जुना घ्या, कारण मॉड्यूलला गाभ्याचेच अधिकार मिळतात. एका चुकीने सारे यंत्र ठप्प होऊ शकते. कंपाइल केलेले मॉड्यूल ‘इन्समॉड’ने जोडा, ‘आरएममॉड’ने काढा आणि गाभ्याच्या नोंदींत तुमचा नमस्कार उमटला का ते तपासा.