बंदूक, परवाना आणि मेहेरबानी

भाताला लोंब्या धरल्या म्हणजे पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून रात्रभर पत्र्याचे डबे वाजू लागतात. रानडुकरांचा एक कळप शिरला, तर एका रात्रीत वर्षाचा घास मातीस मिळतो. म्हणून शेतकरी माळ्यावर बसून जागतो आणि सरकारकडे एक ठासणीची बंदूक मागतो. इकडे शहरातील एखाद्या धनिकास कमरेचे पिस्तूल हे प्रतिष्ठेचे लक्षण वाटते. या दोघांच्या मागण्या हल्ली ‘शस्त्र बाळगण्याचा हक्क’ या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात, आणि नागरिकाच्या हाती शस्त्र नसेल तर त्याचे स्वातंत्र्य अपुरे, असे उदारमतवादाच्या नावाने सांगितले जाते. आम्ही त्याच मताचे अभिमानी आहोत. म्हणूनच हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही.

या मंडळींचा मुख्य आधार इतिहासाचा. १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ साली मद्रासेस ठराव केला, आणि १९३१ च्या कराची येथील ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. हे सर्व खरे. परंतु आमच्या वाडवडिलांना त्या कायद्यात सलत होते ते काय? गोऱ्यास मोकळीक आणि काळ्यास परवाना, हा अपमान सलत होता. त्यांचा रोष पंक्तिप्रपंचावर होता. बंदुकीच्या प्रेमाने तो उपजला नव्हता. पंक्तिप्रपंच गेल्यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. व्यक्तीच्या शस्त्रहक्कापेक्षा राष्ट्रासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर त्यांनी भर दिला. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेने नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि विनाशस्त्र.

‘दुर्बळाच्या हाती बंदूक असती तर त्यास कोण छळता?’ असा प्रश्न यावर ठरलेलाच असतो. त्याचे उत्तर महाडास शोधावे. २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्य मानलेल्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, आणि त्याच दिवशी त्यांच्यावर काठ्यांनी हल्ला झाला. त्या समुदायात पलटणीतून निवृत्त झालेले लोकही होते. तरी आंबेडकरांनी त्यांस आवरले. त्या दिवशी महाडात बंदुका मुक्तपणे विकत मिळत असत्या, तर त्या कोणाच्या घरी अधिक निघाल्या असत्या? ज्याच्याकडे पैसा, जमीन आणि गावची सत्ता, त्याच्याच घरी. शस्त्राचा सरसकट हक्क बलवानाचेच बळ वाढवितो. तळ्याचा वाद न्यायालयात चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली, ही कायद्याची लाजिरवाणी मंदगती आहेच; पण त्या विजयात कोणाची विधवा रडली नाही. अमेरिकेने १७९१ साली शस्त्राचा हक्क घटनेत घातला. त्याच देशात २०२० साली एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बंदूक हे ठरले. असले स्वातंत्र्य आम्हांस उसने नको.

परंतु येथेच थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. बंदूक हा मूलभूत हक्क नसला, तरी परवाना ही साहेबाची मेहेरबानीही नव्हे. १९५९ च्या कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीस वेगळे स्थान दिले आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, नाकारल्यास कारण लेखी नमूद करावे, असेही तो कायदा सांगतो. हे कलम गरिबासाठीच आहे. पण अलिबागेची कचेरी पोलादपूरच्या वाडीपासून किती दूर! कागद, दाखले, पोलिसांचा अहवाल यांत एक हंगाम सहज सरतो. परवाना मिळाला तरी डुकरावर बार टाकण्यास वनखात्याची परवानगी निराळीच. शिवाय निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करून घेण्याची वहिवाट आहे. २०२४ साली विधानसभेची आचारसंहिता ऐन भातकापणीच्या ऑक्टोबरात आली. ज्याच्यावर कसलाही आळ नाही, त्याच्या शेतावरची बंदूक अशा वेळी सरसकट काढून घेणे हा न्याय नव्हे. असा अडलेला माणूस मग फासकी लावतो किंवा गावठी बॉम्ब पुरतो. त्यात कधी बिबट्या मरतो, कधी गुरे, कधी माणूस.

सारांश, आमचे म्हणणे एवढेच: गरज सिद्ध करणाऱ्या शेतकऱ्यास ठरल्या मुदतीत उत्तर मिळावे, नकार असेल तर तो सकारण मिळावा, आणि मिरविण्यासाठी पिस्तूल मागणाऱ्यास, त्याची ओळख कितीही वरपर्यंत असो, तोच नियम लागू व्हावा. ज्या राज्यात धनिकाचे पिस्तूल एका शब्दासरशी येते आणि शेतकऱ्याचा अर्ज फडताळात धूळ खातो, तेथे १८७८ चा कायदा नावाने गेला असला तरी वृत्तीने नांदतोच आहे. त्याविरुद्ध लढणे हे उदारमतवाद्याचे काम. घरोघरी बंदूक वाटणे हे नव्हे.