दोन अडचणी, एकच अर्ज

कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने संगणकाच्या चाचण्यांवर लिहावे, हे कुणाला उंटाच्या पाठीवर बसून शेळ्या हाकण्यासारखे वाटेल. ‘कथा दे, कविता दे, निदान प्रवासवर्णन तरी दे, हे काय आरंभलेस?’ असे आमचे मराठीचे सर म्हणतील, याचीही कल्पना आहे. पण ज्या गोष्टीने माझे वर्षाचे पैसे गेले, त्या गोष्टीवर बोलण्याचा थोडा अधिकार मला पोहोचतो, असे मी नम्रपणे मानतो.

मी बेंबळीचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बारावीचा निकाल लागला त्याच जून महिन्यात वडील गेले. पेरणी तोंडावर आलेली, घरात कर्ता पुरुष कोणी नाही. साहजिकच ते वर्ष शेतात गेले. आधी सोयाबीन, मग तूर, मग मळणी. पुढच्या वर्षी आईनेच हट्ट धरून मला कॉलेजात घातले. प्रवेश झाला, एस.टी.चा पास निघाला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची वेळ आली. अर्ज अर्थातच संगणकावरचा.

त्या अर्जात एक प्रश्न होता : ‘वडील हयात आहेत का?’ मी ‘मयत’ हा पर्याय निवडला. त्याबरोबर वडिलांच्या मोबाइल क्रमांकाचा रकाना बंद झाला. योग्यच होते. दोन पाने पुढे दुसरा प्रश्न : ‘शिक्षणात खंड आहे का?’ मी ‘होय’ म्हटले. तेव्हा खंडाच्या प्रतिज्ञापत्राचा भाग उघडला आणि त्याने वडिलांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला. तो भरल्याशिवाय पुढे जाता येईना. आणि ज्या रकान्यात क्रमांक लिहायचा, तो तर मागेच बंद झालेला! कुलूप लावून किल्ली आत ठेवावी, तसा प्रकार.

मदतीच्या क्रमांकावर चार वेळा फोन केला. उत्तर एकच : ‘दोन्ही भाग तपासलेले आहेत, असे कुणाचेच झालेले नाही.’ माझ्या वर्गात वडील नसलेले दोघे होते, त्यांचे अर्ज बिनबोभाट गेले. एक वर्ष बुडालेली एक मुलगी होती, तिचाही गेला. अडलो तो मी एकटा. गावातल्या केंद्रचालकाने भल्या मनाने सुचवले, “वडील हयात टाक आणि मोकळा हो.” आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “मेल्या माणसाला जितं लिहू नको रं बाबा.” अर्ज तसाच राहिला, मुदत संपली.

दिवाळीत पुण्याहून आत्याचा मुलगा आला. तो एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. माझी कहाणी ऐकून दादा हसलाच. म्हणाला, “आरं, ही तर आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. एक-एक प्रश्न तपासला तर सगळं बरोबर. दोन एकत्र आले की गाडी चिखलात.” या प्रकारच्या तपासणीला ते ‘पेअरवाइज टेस्टिंग’ म्हणतात. आपण तिला जोडीनिहाय चाचणी म्हणू.

कल्पना अशी. समजा, अर्जात तेरा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला तीन उत्तरे. तर वेगवेगळे अर्ज किती होतील? १५,९४,३२३. एवढे अर्ज भरून पाहायला तपासनिसाचा जन्म पुरणार नाही. पण कोणत्याही दोन प्रश्नांच्या उत्तरांची प्रत्येक जोडी एकदा तरी यावी, एवढेच मागितले तर? अशा जोड्या ७०२ होतात. आणि एका अर्जात ७८ जोड्या एकदम बसत असल्यामुळे नीट निवडलेले पंधरा अर्जही पुरतात! मला आधी हे खरे वाटेना. तेव्हा दादाने अंगणातल्या मातीवर काडीने नऊ घरे आखली :

अ१ – आ२ – इ३
आ३ – इ१ – अ२
इ२ – अ३ – आ१

आडव्या तीन ओळी म्हणजे ज्वारीची तीन वाणे, उभ्या तीन ओळी म्हणजे तीन खते, अक्षर म्हणजे पेरणीची वेळ, अंक म्हणजे पाण्याच्या पाळ्या. सगळे प्रकार करायचे तर ८१ वाफे लागतील. इथे नऊच आहेत. तरी कोणतेही वाण कोणत्याही खताशी, कोणतीही वेळ कोणत्याही पाळीशी एकदा जुळलेली आहेच. वाचकांनी स्वतः बोट ठेवून पाहावे. अक्षराचा चौरस वेगळा, अंकाचा वेगळा, आणि एकमेकांवर ठेवले तर कोणतीही जोडी दुसऱ्यांदा येत नाही. यांना परस्परलंब लॅटिन चौरस म्हणतात. शेतीच्या प्रयोगांतूनच ही विद्या वाढली, हे ऐकून शेतकऱ्याच्या पोराला बरे वाटले, हे कबूल करतो.

आणि यात आपल्या माणसाचा वाटा मोठा आहे. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ साली असे अनुमान मांडले होते, की ६, १०, १४, १८ अशा क्रमाच्या चौरसांची लंब जोडी मिळणारच नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर ठरला. बाकीच्यांचे कोडे पावणेदोनशे वर्षे सुटले नाही. ते सोडवले राजचंद्र बोस, ई. टी. पार्कर आणि नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे या तिघांनी. सहाच्या पुढचा प्रत्येक असा चौरस मिळतो, हे त्यांनी दाखवले. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी ते वारले. त्यांचे नाव मला बारावीपर्यंत कोणी सांगितले नव्हते. १९८५ साली रॉबर्ट मँडल यांनी याच लॅटिन चौरसांनी संगणकाच्या ‘अडा’ भाषेचे कंपायलर तपासण्याची रीत मांडली. १९९२ साली अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या एका टपाल-प्रणालीची तपासणी लंब सारण्यांनी कशी केली, हे सांगणारा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांत माधव फडके हे एक होते.

आज चौरस हाताने आखावे लागत नाहीत. तयार साधने आहेत आणि कित्येक फुकट मिळतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पिक्ट’ आहे, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेचे ‘ॲक्ट्स’ आहे, बॉब जेंकिन्स यांचे ‘जेनी’ आहे, जेम्स बाख यांचे ‘ऑलपेअर्स’ आहे. आता मूळ प्रश्न : यांतले निवडावे कोणते?

पुष्कळ लोक एकच गोष्ट पाहतात. कोणते साधन कमीत कमी अर्जांत काम भागवते? वर सांगितलेल्या तेरा प्रश्नांच्या उदाहरणाची एक प्रसिद्ध तुलना आहे. तीत पिक्टला १८ अर्ज लागले, जेनीलाही १८. म्हणजे फरकच नाही! पंधरा लाखांवरून अठरावर आल्यावर एखाद्या अर्जावरून वाद घालणे, म्हणजे बैल विकत घेताना दाव्याच्या लांबीवर घासाघीस करणे होय.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची. काही जोड्या मुळातच अशक्य असतात. ज्याचे वडील मयत, त्याला वडिलांच्या सहीचा प्रश्न लागू नाही. अशा जोड्या वगळण्याची सोय ऑलपेअर्समध्ये नाही. पिक्ट, ॲक्ट्स आणि जेनीमध्ये आहे. तिसरी कसोटी : जोडीच्या पुढे जाता येते का? निस्टच्या संशोधकांनी २००४ साली वेगवेगळ्या प्रणालींतील चुका तपासून पाहिल्या. एका घटकामुळे किंवा दोघांच्या जोडीमुळे उघड होणाऱ्या चुका वैद्यकीय उपकरणांत ९७ टक्के होत्या, पण एका सर्व्हरमध्ये ७० टक्केच. उरलेल्यांना तीन, चार, क्वचित सहा घटक एकत्र यावे लागले. म्हणून जोडीवर सगळी भिस्त ठेवू नये. ॲक्ट्समध्ये दोनपासून सहापर्यंत जाता येते आणि त्याला खिडक्या-बटणांचा चेहरा आहे, त्यामुळे नवख्यालाही ते चालवता येते.

तरीही माझे मत पिक्टच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण गणिताचे नाही. पिक्टला द्यायची यादी साध्या मजकुराची असते. एका ओळीत प्रश्नाचे नाव, पुढे त्याची उत्तरे. खाली ‘जर अमुक असेल तर तमुक नको’ अशा अटी. अमुक जोड आलीच पाहिजे, असा आग्रहही आधी लिहून देता येतो. जेनीला मात्र नुसते आकडे द्यावे लागतात आणि तिची उत्तरे ‘पहिल्याचा अ, दुसऱ्याचा क’ अशी येतात. त्यात ‘मयत’ कुठे आणि ‘खंड’ कुठे, हे जाणकारालाही शोधावे लागेल. पिक्टची यादी आमच्या कार्यालयातले कारकून वाचू शकतील, समाजशास्त्राच्या मॅडम वाचू शकतील आणि मोठ्याने वाचून दाखवली तर माझी आईसुद्धा समजून घेईल. ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याला यादी वाचता आली पाहिजे, ही माझी पहिली कसोटी.

असे का म्हणतो? कारण साधन जोड्या जुळवते, पण यादी माणूस लिहितो. ज्याने यादीत ‘मयत’ हा शब्दच लिहिला नाही, त्याला जगातले कोणतेही साधन माझा अर्ज दाखवणार नाही. त्याहून भीती वाटते ती अटींची. ‘वडील मयत आणि वर बुडालेले वर्ष, असा मुलगा विरळाच, ही जोड वगळा’ असे कोणी शहाण्याने लिहिले, की साधन आज्ञाधारकपणे ती वगळते. आणि कागदावर मात्र ‘सर्व जोड्या तपासल्या’ अशी नोंद होते!

इथेच मला खेड्यातल्या मुलाने बोलले पाहिजे असे वाटते. ही जोड विरळ नाही. आमच्याकडे बाप गेला म्हणूनच वर्ष बुडते. आई रोजाने जाते म्हणूनच घरात एकच मोबाइल असतो, आणि तो तिच्यासोबत रानात जातो. मुलगी लग्न होऊन जाते म्हणूनच दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे असते. खात्याच्या कागदावर हे प्रश्न वेगवेगळ्या पानांवर असतील. आयुष्यात ते एकाच घरात राहतात. संकटे जोडीने येतात असे आपली माणसे म्हणतात. जोडीनिहाय चाचणीची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे काम अभियंत्यांचे आहे, बी.ए. वाल्यांनी त्यात नाक का खुपसावे? माझे म्हणणे असे, की चौरस अभियंत्यांनी आखावेत, पण घरांत काय लिहायचे हे ठाऊक असणारी माणसे आपल्या वर्गांतून निघतात. शिवाय साधन फक्त ‘हा अर्ज भरून पाहा’ एवढे सांगते. तो भरल्यावर काय व्हायला हवे, हे ते सांगत नाही. वडील नसलेल्या मुलाचे प्रतिज्ञापत्र कोणी द्यायचे? आईने, आजोबांनी, की त्याने स्वतः? हा प्रश्न संगणकाचा नाही, न्यायाचा आहे.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयात ग्रंथालयाचे व परीक्षेचे अर्ज संगणकावर घेण्याची चर्चा आहे. ते सुरू होण्याआधी प्रत्येक वर्गातील दोन विद्यार्थी, कार्यालयातील एक कर्मचारी आणि एक प्राध्यापक यांनी एकत्र बसून अशी यादी करावी. कुणाच्या नावात काय अडचण येते, कुणाच्या घरी काय नाही, कुणाचे कोणते वर्ष बुडाले, हे सगळे तीत उतरावे. ती सूचना-फलकावर लावावी आणि ‘यात तुम्ही आहात का?’ असे खाली लिहावे. मग ती कोणत्याही साधनाला द्या. वीस-पंचवीस अर्ज भरून पाहायला एक दुपार पुरेल.

माझे त्या वर्षाचे पैसे परत आले नाहीत. यंदा मात्र अर्ज गेला. खंडाच्या भागात आता ‘पालकांचा मोबाइल’ असे लिहून येते. कुणी दुरुस्त केले ते ठाऊक नाही. कुणी केले असेल त्याचे आभार. ओटीपी आईच्या मोबाइलवर आला, तेव्हा ती रानात होती. मी सायकल काढली, बांधावर गेलो आणि तिथूनच सहा आकडे केंद्रावर कळवले. आईने विचारले, “ह्या खेपेला काय लिव्हलं?” मी म्हटले, “खरं तेच लिहिलं, आई.”