कणसातला कोंब: दोष कोणाचा?

परतीचा पाऊस लांबला की खरीप ज्वारीला कणसातच मोड येतात. 2019 च्या ऑक्टोबरात राज्यात अनेक ठिकाणी हेच झाले. मग पारावर बोलणे निघते, ‘वेळेवर कापली असती तर?’ पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे बरोबर नाही.

दाण्याच्या आत काय घडते ते बघा. दाणा भरताना अ‍ॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक त्याला झोपवून ठेवते. उगवणीला लागणारी जनुके तेव्हा बंद असतात. दाणा पक्का होताना त्याचा जोर ओसरतो. अशात ओल लागली की जिबरेलिन हे दुसरे संप्रेरक वरचढ होते. गहू आणि सातूत ते अंकुराकडून सालीखालच्या थरात जाते, तिथले अडवून धरणारे प्रथिन मोडायला लावते आणि अमायलेज विकराचे जनुक चालू होते. हे विकर पिष्टाची साखर करते. पेरलेल्या बियाण्यात हेच हवे असते. कणसात तेच नुकसान. आणि कोंब बाहेर दिसण्याआधीच ते सुरू झालेले असते.

ज्वारीचे सगळे वाण सारखे नाहीत. ज्याचा दाणा अ‍ॅबसिसिक आम्लाला लवकर दाद देईनासा होतो, त्याला मोड लवकर फुटतात. जुने गावरान वाण पाऊस सरल्यावर पिकायचे. 1964 साली सीएसएच-1 हा संकरित वाण आला आणि पुढे लवकर येणारी ज्वारी पावसात सापडू लागली. उतारा वाढला, तो कोणी सोडणार नाही. पण वाण घेताना दाण्याची झोप किती, हेही विचारा. विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी ते पिशवीसोबत सांगितलेच पाहिजे.

तोवर एवढे करा. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला म्हणजे दाणा भरून झाला. पावसाचा अंदाज असेल तर तेव्हाच कणसे खुडून आडोशाला पातळ पसरा. भिजलेल्या पिकाचे बियाणे शक्यतो धरू नका. धरायचेच तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. 75 पेक्षा कमी उगवले तर पेरू नका.

शेवटी आम्हा पंचनामा करणाऱ्यांसाठी. बांधावरून ताटे उभी दिसली म्हणून ‘नुकसान नाही’ लिहू नये. मदतीला 33 टक्के नुकसानीची अट आहे. कणीस चोळून दाणा पाहिला नाही तर कोंबाचे नुकसान त्यात धरलेच जात नाही, आणि शेतकऱ्याचा हक्क कागदावरच बुडतो.